गायधनीसर आणि दुसरे तेरा भाग

गायधनीसरांना "छान झालं" असं म्हणायची सोय नव्हती. नाटक संपल्यावर आपण रंगपटात जाऊन म्हणावं, "सर, काम छान झालं," तर ते तोंडावरचा रंग पुसता पुसता थांबायचे आणि विचारायचे, "काय छान झालं?" त्यात तिरकसपणा नसायचा. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. समोरचा मग "म्हणजे एकूणच सगळं..." असं काहीतरी पुटपुटत काढता पाय घ्यायचा. नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांमधले जुने लोक म्हणूनच त्यांना लांबून हात करून निघून जायचे. मी नवीन होतो, त्यामुळे सापडलो.

मी तेव्हा नुकताच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो. दाढी ठेवली होती, खांद्याला शबनम होती आणि आपण लेखक आहोत हे अजून फक्त मलाच माहीत होतं. गायधनीसर त्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. बुटके, रुंद, भुवया दाट आणि आवाज घसा बसल्यासारखा. स्पर्धेतल्या एका नाटकात त्यांनी मुलाची वाट बघणारा बाप केला होता. मी आत जाऊन म्हणालो, "सर, तुमच्या अभिनयातून मध्यमवर्गीय माणसाचं मूलभूत एकाकीपण फार ताकदीनं आलं." सरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिसऱ्या अंकात माझा चष्मा पडला. तो मी लगेच उचलायला नको होता का? तेवढं सांगा." मला चष्मा पडलेला दिसलाच नव्हता. मी एकाकीपण बघत होतो.

तरीही आमची मैत्री झाली. स्टाफरूममध्ये ते बडीशेप चघळत बसायचे आणि मी माझ्या कथा त्यांना वाचून दाखवायचो. ते एकच प्रश्न विचारायचे. "देवळे, हा माणूस इथं काय मागतोय?" त्यांचं म्हणणं असं, की माणूस तोंड उघडतो तेव्हा तो काहीतरी मागत असतो. चहा मागतो, माफी मागतो, नाहीतर आपल्याकडे बघा एवढं तरी मागतोच. काहीच मागत नसेल तर तो गप्प बसेल. मला हा विचार जरा बाळबोध वाटायचा. माझी पात्रं काही मागायची नाहीत, ती चिंतन करायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मराठी कार्यक्रम दाखवणारी वाहिनी एकच होती. आमच्याच कॉलेजातून शिकून मुंबईला गेलेला हेमंत नावाचा एक मुलगा मालिकांच्या निर्मितीत पडला होता. त्याला एका मालिकेचे तेरा भाग मंजूर झाले. त्या काळी मालिका तेरा भागांनीच मोजायचे. ते तेरा भाग लोकांना आवडले, तर पुढचे तेरा मिळायचे. हेमंतला नाशिकचा विषय हवा होता आणि लेखक लवकर हवा होता. त्यामुळे मी लेखक झालो. मालिकेचं नाव 'सामाईक नळ'. पंचवटीतल्या एका भाडेकरूंच्या इमारतीत खाली एकच नळ, आणि त्यावर रोज सकाळी जे काही होतं ते. तळमजल्यावर तात्या नावाचे निवृत्त पोस्टमास्तर राहतात. ते प्रत्येकाशी भांडतात. भांडून भांडून शेवटी शेजारच्या बाळंतिणीच्या आईला आधी पाणी भरू देतात, पण एखादा टोमणा मारल्याशिवाय नाही. तात्यांचं काम गायधनीसरांनी केलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंचवटीतच चित्रीकरण झालं.

पहिले तेरा भाग लोकांनी उचलून धरले. सर भद्रकालीच्या बाजारात गेले, की भाजीवाल्या त्यांना म्हणायच्या, "तात्या, आज भांडन न्हाय का?" सर लगेच मेथीच्या जुडीवरून भांडायचे आणि आजूबाजूचे हसायचे. वर्गात फिरत्या चकतीचं गणित सांगताना मागच्या बाकावरून कुणीतरी "नळ आला" म्हणायचं, आणि सर फळ्याकडे तोंड करूनच म्हणायचे, "रांगेत या." आयुष्यभर हौशी रंगमंचावर घालवलेला तो माणूस पन्नाशीत रस्त्यानं जाताना ओळखला जाऊ लागला. त्यांना ते आवडायचं, आणि आवडतं हे ते लपवायचेही नाहीत.

माझं मात्र डोकं फिरलं. मला समारंभांची बोलावणी येऊ लागली. सातपूरला एका पिठाच्या गिरणीचं उद्घाटन माझ्या हस्ते झालं. तिथं मी 'भरड' या शब्दावर इतका वेळ बोललो, की दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका शेजारच्या गिरणीत गेल्या. मालिका गाजली ती माझ्या लेखणीमुळे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तात्या सरांनी केला म्हणून बरा झाला, पण कुणीही केला असता तरी झालाच असता, असं मी घरी बायकोला सांगायचो. ती "हं" म्हणायची. तिच्या त्या "हं"चा अर्थ मी तेव्हा 'हो' असा घ्यायचो.

दुसरे तेरा भाग मंजूर झाल्यावर हेमंत मुंबईहून आला. म्हणाला, "सर, तात्याला मोठा करा. लोक त्याच्यावर प्रेम करतात. त्याच्या तोंडून समाजाला काहीतरी द्या." मला कुणी समाजाला काहीतरी द्यायला सांगावं याचीच मी वाट बघत होतो. मी प्रत्येक भागाच्या शेवटी तात्यांना एकेक भाषण दिलं. पाणी म्हणजे काय, शेजार म्हणजे काय, रिकामी बादली आणि माणसाचं मन यांचं नातं काय. लिहिताना मला स्वतःलाच भरून यायचं. रिकाम्या बादलीचं भाषण लिहून झाल्यावर तर मी काही वेळ खिडकीत जाऊन उभा राहिलो होतो.

वाचन सरांच्या गंगापूर रोडच्या घरी ठरलं. रविवारची सकाळ होती. सरांनी तात्यासाठी पुन्हा मिशी वाढवली होती. नलिनीवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पोहे देऊन तिथंच बसल्या. मी पहिला भाग वाचला आणि शेवटच्या भाषणाला आवाज जरा खाली आणला. वाचून झाल्यावर सरांनी चष्मा काढला.

"देवळे, तात्या इथं काय मागतोय?"

"मागत नाहीये सर. तो विचार मांडतोय."

"कुणापुढे?"

"समाजापुढे."

"नळावर?"

वहिनींना हसू फुटलं. त्या पोह्यांची बशी घेऊन आत गेल्या आणि आतूनही त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं. मी म्हणालो, "सर, पात्राचा विकास व्हायला हवा. लेखक म्हणून मला काही म्हणायचं आहे."

"म्हणा ना. तुम्ही म्हणा. तात्याच्या तोंडात कशाला घालता? त्याला बादली भरून घ्यायची आहे आणि पुढं तीन माणसं आहेत. अशा वेळी कोण मनाबद्दल बोलेल?" सर पुढं म्हणाले, "हा माणूस नळावर भांडतो म्हणून लोकांना आवडला. तुम्ही त्याला प्रवचनाला बसवलंत. भाषणं काढा, नाहीतर मला जमायचं नाही."

मी भाषणं काढणार नव्हतो. हेमंतलाही ती आवडली होती. मी कागद शबनममध्ये भरले आणि "बघा सर, तुमची मर्जी" असं म्हणून उठलो. ते शेवटी येतील अशी मला खात्री होती. नाशिकचा कुठला हौशी नट दूरदर्शन संचावर दिसायची संधी सोडेल? दुसऱ्या दिवशी सर कॉलेजात मिशी काढून आले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना ते दिसलं. मला मात्र तास संपवून घरी आल्यावर बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं, कारण तिला ते रस्त्यात भेटले होते. कित्येक वर्षांनी नलिनीवहिनी मला म्हणाल्या, की मिशी काढताना ते आरशासमोर बराच वेळ उभे होते आणि त्या दिवशी जेवले नाहीत. मला वाटायचं त्यांनी माझा अपमान केला. सर स्वतःचं काय सोडतायत, हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

हेमंतनं मुंबईहून सुधाकर नेने नावाचे नट आणले. नेने चांगले नट होते. सज्जन होते, आवाज भरदार होता, पाठांतर चोख होतं. माझी भाषणं त्यांनी इतकी स्वच्छ म्हटली, की त्यातला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तोच घोळ झाला.

दुसऱ्या तेरातला पहिला भाग आम्ही घरी शेजाऱ्यांसोबत पाहिला. माझ्या आग्रहावरून चिवडाही केला होता. रिकाम्या बादलीचं भाषण सुरू झालं तेव्हा चिवडा खाण्याचा आवाज वाढला. भाग संपला. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शर्ट चांगला होता त्याचा." शेजारच्यांनी लगेच शर्टाला दुजोरा दिला.

पुढचे आठवडे मी नाशिकमध्ये आडवाटांनी फिरलो. केस कापताना न्हावी म्हणाला, "सर, तात्यांना घरच्यांनी टाकलंय का? एकटेच बोलत असतात." स्टाफरूममध्ये सहकारी म्हणायचे, "भाग छान होता," आणि मी घाईघाईनं विषय बदलायचो. काय छान होतं असं त्यांना कुणी विचारू नये, एवढीच माझी इच्छा असायची. इतिहासाच्या एका प्राध्यापकानं तर माझं अभिनंदन करताना मालिकेच्या आधी लागणाऱ्या साबणाच्या जाहिरातीचं कौतुक केलं.

भद्रकालीत जिजाबाई नावाची एक भाजीवाली होती. तिनं मला धरलं. "आमचा तात्या कुठं घालवला हो तुमी? ह्यो नवा लय शानपन शिकवतो. पानी भरायचं सोडून बोलतच बसतो." मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "पन त्यांच्या तरी हातात काय हाय. छातीत दुखतंय म्हनले सर. डाक्टरनी न्हाई सांगितलं म्हने काम करायला."

हे मला नवीन होतं. मी तिथून थेट सरांच्या घरी गेलो. सर बागेत अळूला पाणी घालत होते. मी विचारलं, "सर, तुमच्या छातीत दुखतं?"

ते गोंधळले. "नाही बुवा."

आतून वहिनी म्हणाल्या, "तुमच्या मालिकेच्या वेळेला दुखतं."

मग सगळं बाहेर आलं. का सोडलंत म्हणून अर्धं गाव सरांना विचारत होतं, आणि सर प्रत्येकाला तब्येतीचं कारण सांगत होते. लिखाण पटलं नाही, असं एकालाही बोलले नव्हते. मी म्हटलं, "खरं का सांगितलं नाहीत?" सर पाण्याची झारी खाली ठेवत म्हणाले, "मालिका चालू आहे ना अजून. त्यात नेने काम करतायत, तुमचं नाव लागतंय. लोकांना कशाला सांगायचं?" आणि वर म्हणाले, "नेने बरं करतात हं. तुमचे शब्द त्यांना जड जातायत, पण माणूस कष्ट घेतोय." म्हणजे ते प्रत्येक भाग बघत होते. नाशिकमध्ये शेवटपर्यंत बघणारं बहुधा तेवढंच घर उरलं असावं.

खरी परीक्षा चित्रीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात आली. उरलेले भाग पंचवटीत करायचे होते, आणि तोवर पहिले काही भाग दाखवून झाले होते. नळाभोवती बघ्यांची गर्दी जमली. नेने बाहेर आले, तशी पोरं ओरडायला लागली, "खोटा तात्या, खोटा तात्या." एकानं विचारलं, "भाषण आणलंय का?" हेमंतनं विनवण्या केल्या. मीही पुढं होऊन दोन शब्द बोललो, त्यावर एकजण म्हणाला, "हेच लिहितात." त्यानंतर मी गर्दीच्या मागच्या बाजूला थांबलो. नेने खोलीत जाऊन बसले. म्हणाले, "मी असं नाही करू शकत. मी जातो मुंबईला."

गायधनीसरांना हे कुणी सांगितलं कोण जाणे. ते पायजमा आणि बनियनवर, हातात निळी प्लॅस्टिकची बादली घेऊन आले. गर्दीनं त्यांना वाट दिली. सर कुणाशीच बोलले नाहीत. सरळ नेनेंच्या खोलीच्या दारात गेले आणि खास भांडणाच्या आवाजात म्हणाले, "अहो तात्या, ही नळाखालची बादली तुमची का? मघापासून भरून वाहतेय."

नेने आतून बघत राहिले. मग उठले. दारापर्यंत येईस्तोवर त्यांच्या पाठीला जरा पोक आलं होतं.

"वाहतेय तर वाहू दे. नळ काय तुमच्या वडिलांनी बसवला?"

"आमच्या वडिलांनी नाही. पण पोस्टानंही बसवलेला नाही."

गर्दीत हशा पिकला. नेने नळाजवळ आले. "रांगेत उभे राहा."

"रांग कुठंय?"

"माझ्यापासून सुरू होते."

"मग झालं तर. तुमच्या मागं मीच आहे. सरका."

"सरकतो. पण तुमच्यासाठी नाही. पाय अवघडलाय म्हणून सरकतो."

असं ते दोघं भांडतच राहिले. बायका गॅलरीत येऊन बघायला लागल्या. सर हरत होते, म्हणजे मुद्दाम हरत होते. नेनेंना ते एकेक वाक्य हातात आणून देत होते आणि नेने ते टोलवत होते. शेवटी नेनेंनी आपली बादली उचलली, सरांची नळाखाली सरकवली आणि पुटपुटले, "आमच्या वेळी टपालसुद्धा याच्यापेक्षा लवकर पोचायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या वेळी कॅमेरामन कोपऱ्यावर चहा पीत होता. त्यातलं काहीही चित्रित झालं नाही.

कुणीतरी म्हणालं, "सर, तुमीच परत या ना."

"आलोय की," सर म्हणाले. "पाणी भरायला. तात्या हे आहेत."

त्यानंतर कुणीही ओरडलं नाही. मी त्या दुपारी जिन्यात बसून उरलेले भाग नव्यानं लिहिले. लिहिले म्हणजे काय, ते दोघं जे बोलले ते आठवून आठवून कागदावर उतरवलं आणि तसंच पुढं नेलं. शेजार, मन, माणुसकी असं सगळं काढून टाकलं. मग सरांकडे जाऊन म्हटलं, "सर, समोरच्या खोलीत एक नवा भाडेकरू आलाय. कराल का?"

"काय मागतो तो?"

"पाणी."

"मग करतो," ते म्हणाले.

शेवटचे काही भाग असे झाले. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत तेवढेच धड होते. पण तोवर आमची वेळ बदलून दुपारची झाली होती. त्या वेळेला नाशिक एकतर कामावर असतं, नाहीतर झोपलेलं असतं. जिजाबाईलासुद्धा पत्ता लागला नाही. तिसरे तेरा भाग कुणी मागितले नाहीत, आणि लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की दुसऱ्या वेळेस मालिका बिघडली. आजही कुणी विषय काढला तर रिकाम्या बादलीचंच भाषण आठवतात. माझं एवढं एकच लिखाण लोकांना तोंडपाठ आहे.

पुढं वाहिन्या वाढल्या, मालिका रोजच्या झाल्या, सर निवृत्त झाले. नेने नाशिकला प्रयोग असला, की हॉटेलवर न उतरता सरांकडेच जेवायला जायचे. बाजारात सरांना तात्या म्हणून हाक मारणारे कमी होत गेले. मग एक दिवस सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. एखादा शब्द यायचा, तोही खूप वेळानं. मी बहुतेक दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. त्यांचं करायला पेठ तालुक्यातली सखूबाई नावाची एक बाई ठेवली होती. ती त्यांना बसवायची, भरवायची आणि कामं आटोपली, की टीव्ही लावून त्यांच्या पलंगाशेजारी टेकायची.

अशाच एका दुपारी जुन्या मालिका दाखवणाऱ्या कार्यक्रमात अचानक आमचा नळ दिसला. दुसऱ्या तेरातला शेवटून दुसरा भाग होता. नेने आणि सर बादल्या घेऊन समोरासमोर उभे होते. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. सखूबाईला काही सांगणार, तेवढ्यात सरांनी डावा हात उचलून त्यांना थांबवलं. पडद्यावरच्या त्या रुंद, बनियनमधल्या माणसाचा आणि पलंगावरच्या या वाळलेल्या माणसाचा काही संबंध असेल, हे सखूबाईच्या मनातही आलं नव्हतं.

ती आधी नुसती बघत होती. मग हसायला लागली. "हा बाबा लय भांडतो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "भरू द्या ना त्याला पानी. कवाचा उभा हाय." सर तिच्याकडे बघत होते. टीव्हीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ती कुठं हसते, कुठं थांबते, हे ते एकटक बघत होते.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांनी एक प्रेक्षक भेटला होता. मी म्हणालो, "सखूबाई, हे मी लिहिलंय."

"काय लिवलंय?"

"त्या बनियनवाल्याचं बोलणं. तो जे बोलतोय ना, ते सगळं."

तिनं माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. तिला माझं म्हणणं समजेना. "तुमी कसं लिवाल?" ती म्हणाली. "ते तर त्योच बोलतोय."

सर हसले. चेहऱ्याच्या एकाच बाजूनं, पण आवाज करून हसले. वहिनी सांगतात, आजारपणात ते तसे त्या एकाच दिवशी हसले. पुढच्या महिन्यात ते गेले.